परक्या अंगणातली रांगोळी

'घरचे झाले थोडे नि व्याह्याने धाडले घोडे' ही म्हण आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत हल्ली एका ठराविक प्रसंगी निघते. एखादा विद्यार्थी जर्मन किंवा जपानी शिकतो आहे, इथवर कोणाची काही हरकत नसते. भाषा आली की नोकरी लागते, नोकरी लागली की घराचे पत्रे जाऊन स्लॅब पडतो. एवढा हिशेब आमच्या गावात लहान पोरालाही कळतो. पण त्या अर्ध्याकच्च्या भाषेत तो विद्यार्थी कथा-कादंबरी लिहू पाहतो आहे असे कानावर आले, की चहाचे कप खाली ठेवले जातात. "अहो, मराठीत रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही, आणि म्हणे परक्या भाषेत कादंबरी!" असे कोणीतरी म्हणते, आणि सगळे माझ्याकडे पाहतात. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. सर्वांत मोठ्याने मी हसावे, अशी सर्वांची अपेक्षा असते.

मी हसत नाही. का हसत नाही, हे सांगायला या सदराची नेहमीची दीड रकान्याची जागा पुरत नाही. दिवाळीच्या अंकात संपादक जरा पाय पसरू देतात, तेव्हा फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचकांनी थोडा वेळ द्यावा.

पहिली गोष्ट अशी, की आपण ज्या कादंबरीच्या बाजूने एवढे तावातावाने बोलतो ती काही आपल्या परसात उगवलेली नाही. नाव आपण बाणभट्टाकडून घेतले, पण घाट घेतला इंग्रजीकडून. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. त्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणण्याची प्रथा आहे. ती लिहिणारा माणूस परक्या भाषेचा विद्यार्थी होता, आणि परकी पुस्तके वाचून त्याला आपल्या विधवा बहिणींची कथा सांगण्याची रीत सापडली. म्हणजे परभाषा शिकणाऱ्याच्या वहीतूनच आपली कादंबरी जन्माला आली. ती आता मोठी झाली म्हणून तिने शिकाऊ माणसांना दार लावून घ्यावे, हे काही बरे नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्यातला थॉमस स्टीफन्स नावाचा एक जेझुइट १५७९ साली गोव्याच्या किनाऱ्याला लागला. मराठीचा एक शब्द त्याला येत नसणार. १६१६ साली रायतूर येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले, तेव्हा त्यात सुमारे अकरा हजार ओव्या होत्या. मधे गेली सदतीस वर्षे. मला या प्रकरणात सर्वांत मोठे वाटते ते एवढेच, की त्या माणसाने आपल्याकडचा छंद आणून आमच्या भाषेवर लादला नाही. ज्यांना सांगायचे त्यांचे कान पुराणाला सरावलेले आहेत हे त्याने ओळखले, आणि सांगायची गोष्ट बेथलेहेमची असली तरी चाल ओवीची धरली. त्याने केलेली मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकांतून आपण वाचलेली असते. तिच्यामागची सदतीस वर्षे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाहीत. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुस्तक मात्र हस्तलिखितांच्या आधाराने टिकले. परक्याने लिहिलेले पुस्तक हाताने उतरवून घ्यावे असे लोकांना वाटले, याहून मोठी पावती कोणती?

कोणी म्हणेल, स्टीफन्सला सदतीस वर्षे मिळाली; आमच्या पोरांना कोठून मिळणार? तर मग तोरू दत्तचे उदाहरण घ्या. ही कलकत्त्याची बंगाली मुलगी. १८६९ साली घरच्यांबरोबर युरोपात गेली, काही महिने फ्रान्समध्ये नीस येथे शाळेत बसली, मग इंग्लंडात राहिली आणि १८७३ साली परत आली. १८७७ साली ती वारली तेव्हा तिचे वय होते अवघे एकवीस. तिच्या मागे तिच्या वडिलांना तिच्या कागदांत एक पुरी झालेली फ्रेंच कादंबरी सापडली. एका फ्रेंच मुलीची रोजनिशी अशा रूपात लिहिलेली. ती १८७९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. घरात बंगाली, अभ्यासाला इंग्रजी, आणि कादंबरी मात्र फ्रेंचमध्ये! आजच्या आमच्या खोलीत ती बातमी आली असती, तर कपांचा केवढा आवाज झाला असता याची मी कल्पना करतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. नाशिक जिल्ह्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा लागतो. त्या नगरात १८६२ साली एका धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबात कृपाबाई जन्मल्या. घरची भाषा मराठी. वडील लहानपणीच गेले. इंग्रजी पुस्तकांची गोडी लावली ती मोठ्या भावाने, भास्करने. तोही अकाली गेला. पुढे मुंबईच्या मिशनच्या शाळेत शिक्षण झाले, डॉक्टरकी शिकायला विलायतेला जाण्याची संधी आली. परंतु प्रकृती तोळामासा, म्हणून १८७८ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. पहिल्या वर्षी उत्तम यश मिळवले आणि तब्येतीने दगा दिला. सॅम्युएल सत्तियानादन यांच्याशी विवाह झाला, एकुलते एक मूल तान्हेपणी गेले. या सगळ्या ओढाताणीत या बाईने इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. 'सगुणा' १८८७-८८ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आली. 'कमला' तिने अखेरच्या आजारपणात लिहून पुरी केली. १८९४ साली, बत्तिसाव्या वर्षी, ती गेली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत या दोहोंची गणना होते, आणि नगरच्या मराठी घरातली ही मुलगी आज महाराष्ट्रातल्या किती सुशिक्षित घरांना नावाने तरी ठाऊक आहे?

'कमला' ही एका बालवधूची कथा. सासरचा जाच, नवऱ्याचे दुरावणे, पुढे वैधव्य; आणि आधार देऊ पाहणाऱ्या माणसाचा हात नाकारून दुसऱ्यांच्या सेवेत घालवलेले आयुष्य. आता मौज पाहा. नेमक्या याच वर्षांत पुण्यात हरि नारायण आपटे 'करमणूक' पत्रातून 'पण लक्ष्यात कोण घेतो?' लिहीत होते. ती कादंबरी १८९३ साली पुस्तकरूपाने पुरी झाली. विषय तोच: सोवळ्या घरातल्या मुलीचे हाल. एका बाजूला पुरुष मराठीत, बाईच्या तोंडून, बाईच्या बोलीत लिहितो आहे. दुसऱ्या बाजूला बाई इंग्रजीत लिहिते आहे. आपट्यांच्या यमूला 'सासर' हा शब्द उच्चारला की पुरते. तो शब्द ऐकताच वाचणाऱ्या बाईच्या अंगावर काटा उभा राहतो, पुढचे सांगावे लागत नाही. कृपाबाईंच्या इंग्रजी वाचकाला मात्र सासर म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगावे लागते: सून कोणाच्या आधी उठते, कोणाच्या नंतर जेवते, कोणासमोर बोलत नाही.

हा तोटा की फायदा? मी वर्षानुवर्षे 'पण लक्ष्यात कोण घेतो?' शिकवीत आलो आहे, आणि माझे मत आता असे झाले आहे की तो दोन्ही आहे. ज्याला 'सासर' हा शब्द सहज मिळतो, त्याला त्या शब्दाची सारी ऊब आणि सारे काटे फुकट मिळतात. पण ज्याला तो शब्द वापरता येत नाही, त्याला त्या शब्दाच्या आत काय काय भरून ठेवले आहे हे एकेक करून बाहेर काढावे लागते. आणि तसे काढताना त्याच्या ध्यानात येते, की ज्याला आपण रीत म्हणत होतो तो अन्याय होता. जुन्या पेटीतले सामान घर बदलतानाच मोजले जाते. एरवी ती पेटी पिढ्यान्‌पिढ्या पलंगाखाली असते.

याच कामाचे दुसरे अंग पाहायचे तर अगोता क्रिस्तोफ या बाईकडे वळावे. ती हंगेरीतली. १९५६ सालच्या उठावानंतर तान्हे मूल घेऊन देश सोडला, आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात घड्याळांच्या कारखान्यात कामाला लागली. फ्रेंच एक शब्द येत नव्हती. तिची पहिली फ्रेंच कादंबरी १९८६ साली निघाली, म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली. युद्धाच्या काळात आजीकडे ठेवलेल्या दोन जुळ्या भावांची ती कथा. हे दोघे एका मोठ्या वहीत निबंध लिहितात, आणि नियम असा ठरवतात की जे पाहिले, ऐकले, केले तेवढेच लिहायचे. भावना दाखवणारे शब्द वापरायचे नाहीत, कारण ते मोघम असतात. आता हा नियम त्या मुलांचा की त्या शिकाऊ लेखिकेचा? जिच्यापाशी शब्द मोजके आहेत तिने आपल्या दारिद्र्याचा कायदा करून टाकला, आणि त्या कायद्यावर पुस्तक उभे केले. याच बाईने पुढे फ्रेंचला शत्रूची भाषा म्हटले आहे, कारण ती तिच्या मायबोलीचा जीव घेत होती. शिकलेल्या भाषेचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही विसरू नये.

जोसेफ कॉन्रॅडची कथा सर्वांना ठाऊक असते. हा पोलिश माणूस विसाव्या वर्षी इंग्रजी जहाजावर चढला, आणि त्याची पहिली इंग्रजी कादंबरी १८९५ साली आली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. तो आज इंग्रजीतल्या थोरांत गणला जातो, आणि तरीही त्याचे उच्चार जन्मभर परक्याचेच राहिले. म्हणजे जीभ एका गतीने शिकते आणि लेखणी दुसऱ्या गतीने. अलीकडचे उदाहरण झुंपा लाहिरी यांचे. घरी बंगाली, लेखन इंग्रजीत, कीर्ती जगभर. अशा बाई २०१२ साली रोमला राहायला गेल्या आणि इटालियनमध्ये लिहू लागल्या. त्या भाषेतली त्यांची कादंबरी २०१८ साली निघाली. पुढे त्यांनीच ती इंग्रजीत आणली. पोटापाण्याची नड नाही, निर्वासितपण नाही. भरले घर सोडून त्या उपऱ्यासारख्या दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या. हौस म्हणा, वेड म्हणा. पण वाचणाऱ्याला त्यातून काही मिळाले असेल, तर त्या वेडाला नावे ठेवणारे आपण कोण?

इतके सगळे थोरामोठ्यांचे झाले. आता आमच्या लासलगावचे सांगतो.

निफाड तालुक्यातले हे आमचे गाव कांद्यामुळे देशाला माहीत आहे. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी एका वक्कलाकडून दुसऱ्या वक्कलाकडे सरकत बोली लावतात, आणि अर्ध्या मिनिटात एखाद्या घराच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. या रांगांतल्या घरांमधूनच माझे विद्यार्थी येतात. त्यांतली एक मुलगी माझ्याकडे मराठी घेऊन पदवीधर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकू लागली. तिचे नाव आणि गाव मी सांगणार नाही. ते सांगायचे झाल्यास तीच सांगेल. गेल्या उन्हाळ्यात ती एक वही घेऊन घरी आली. "सर, मी कादंबरी लिहितेय. जर्मनमध्ये. तुम्हाला वाचता येणार नाही, मी मराठीत सांगत जाते. तुम्ही नुसतं ऐका."

मला जर्मनचे अक्षर कळत नाही. पण तीन दुपारी मी ऐकले, आणि ऐकता ऐकता त्या भाषेविषयी बरेच शिकलो. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत, म्हणून हिंदीवाल्यांपेक्षा आपल्याला ते अंगवळणी लवकर पडते. मात्र जुळत काहीच नाही: आमचा कांदा पुरुष, तिकडे तो बाई. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते, अगदी मराठीसारखे. तिथे पोहोचले की आपल्या गल्लीत आल्यासारखे वाटते असे ती म्हणाली. 'उळे' या शब्दाला तिने नुसते 'बी' म्हटले आणि गप्प बसली. कारण उळे म्हटले की रोपवाटिका, पाऊस लांबल्याची काळजी, उसनवारी हे सगळे त्यात असते. 'कांद्याची चाळ' सांगायला तिला चार वाक्ये लागली: लाकडाची, बांबूची, हवा खेळती राहावी म्हणून फटी ठेवलेली, लांबलचक खोली, तिच्यात उन्हाळ कांदा भाव येण्याची वाट पाहत पडून असतो. ती चार वाक्ये ऐकून मला वाटले, जन्मभर मी चाळींच्या शेजारून जातो आहे, पण चाळ मी आज पाहिली.

त्या चाळीतच कथेचे मूळ होते. ज्या वर्षी कांदा मातीमोल झाला, त्या वर्षी एका संध्याकाळी तिचे वडील चाळीकडे गेले ते जेवायला परत आले नाहीत. ती तेव्हा नववीत होती. त्या दिवसापासून त्या घरात त्या दिवसाविषयी कोणी बोललेले नाही.

मी तिला विचारले, "अगं, मग हे मराठीत का लिहीत नाहीस? तुझी मराठी चांगली आहे."

ती म्हणाली, "मराठीत लिहायला बसले की पेपरातली वाक्यं येतात, सर. कर्जबाजारी, नैराश्य, बळीराजा. ती वाक्यं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली आहेत. आमच्या आण्णांना त्यांत जागाच नाही."

मला हे तात्काळ पटले. २०१८ साली आमच्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून हाती आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले, ही बातमी देशभर गेली. तिच्यावर अग्रलेख झाले, कविता झाल्या. त्या सगळ्यांहून ते दोन आकडे अधिक बोलत होते. ते कोणत्याही भाषेत तसेच राहतात. या मुलीची जर्मन तशा प्रकारची होती. शब्द थोडे, म्हणून खोटे बोलायला वाव थोडा. 'तो चाळीकडे गेला. आईने ताट झाकून ठेवले. मग तिने ते पुन्हा उघडून पाहिले.' अशी तिची वाक्ये.

दुसरी एक गोष्ट तिने तिसऱ्या दुपारी सांगितली. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत आईला 'तू' म्हणतात आणि वडिलांना 'तुम्ही'. तिच्या घरातही तसेच. जर्मनमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही आहेत. पण घरच्या माणसाला, मग तो बाप का असेना, 'तू'च म्हणायचे असते. कादंबरीत एके जागी मुलगी मेलेल्या बापाशी बोलते. व्याकरणाने तिला तिथे 'तू' लिहायला लावले. "सर, मी लिहिलं, 'तू का गेलास?' आणि पेन खाली ठेवलं. जन्मात मी आण्णांना 'तू' म्हटलं नव्हतं. 'तुम्ही का गेलात?' असं मला कधी विचारताच आलं नसतं. 'तुम्ही'ला प्रश्न विचारत नाहीत आमच्याकडे."

वाचकहो, परक्या भाषेत कादंबरी का लिहावी, याचे याहून चांगले उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळालेले नाही. आपली भाषा आपल्याला बोलायला शिकवते. त्याबरोबर कोठे गप्प बसायचे हेही शिकवते. परकी भाषा हे दुसरे शिकवायला विसरते. तिच्यात आपली आजी नसते, भाऊबंद नसतात, दटावणारे डोळे नसतात.

पण म्हणून प्रश्न सुटला असे नाही. मी पगार घेतो तो मराठी शिकवण्याचा. हुशार मुले आपले दुःख जर्मनला आणि आपली हुशारी इंग्रजीला देऊ लागली, तर मराठीच्या वाट्याला काय? रजेचे अर्ज आणि लग्नपत्रिका? ही भीती खोटी नाही. किरण नगरकरांनी १९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' ही मराठी कादंबरी दिली आणि पुढे ते इंग्रजीकडे गेले. 'रावण अँड एडी' १९९४ साली आली, 'ककोल्ड'ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत काहींना ते रुचले नाही, आणि त्या नाराजीत निव्वळ हेवा होता असे मी म्हणणार नाही. गेलेल्या लेखकाची जागा रिकामी दिसतेच. पण न्याय करायचा तर दुसरे पारडेही भरावे लागते. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर मोठेपणी गुजराती शिकले आणि त्या भाषेत असे लिहू लागले की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. १९६५ साली गुजरातीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. गुजरातने त्यांना जवळ घेतले याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग आपला माणूस दुसरीकडे गेला तर अभिमान, आणि आपल्या डोळ्यांदेखत जाऊ लागला तर राग, हा कोठला हिशेब? कृपाबाईंच्या दोन्ही कादंबऱ्या १८९६ साली तमिळमध्ये आल्या. ज्या प्रांतात त्या राहिल्या त्याने त्यांना आपले म्हटले. आपण त्यांना विसरलो, यात इंग्रजीचा दोष थोडा आणि आपला अधिक.

माझे मत विचाराल तर, जाणाऱ्याची वाट अडवण्यापेक्षा येण्याची वाट मोकळी ठेवावी. आणि जे जातात त्यांना दोन-चार कानगोष्टी सांगाव्यात. मी त्या मुलीला सांगितल्या त्याच येथे सांगतो. मराठीत लिहून मग भाषांतर करू नये. त्याने वाक्य मराठी राहते आणि शब्द तेवढे परके होतात. जेवढी भाषा येते तेवढ्यातच थेट लिहावे. शब्द अडला तर कोशात डोके घालून बसू नये, तेथे मराठी शब्द तसाच ठेवून पुढे जावे. कित्येकदा मागाहून कळते की तो शब्द तसाच राहायला हवा. आपल्या भाषेत कोणता शब्द शिळा झाला आहे हे आपल्याला वासावरून कळते, परक्या भाषेत तो वास येत नाही. म्हणून त्या भाषेत जन्मलेला एक तरी वाचक गाठावा आणि त्याला स्पष्ट विचारावे. त्या भाषेत विनोद करण्याची घाई करू नये, तो सर्वांत शेवटी येतो. आणि रोज पानभर तरी मराठी वाचावे. परक्या अंगणात रांगोळी घालायला जाणाऱ्याने घरचा रांगोळीचा डबा रिकामा होऊ देऊ नये.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी परक्या भाषेत काही खरडताना दिसली, तर "याचा नोकरीला काय उपयोग?" हा प्रश्न निदान दिवाळीपुरता तरी राखून ठेवावा. शक्य झाल्यास म्हणावे, "काय लिहिलंयस, जरा वाचून दाखव की मराठीत."

असे का म्हणतो, तेही सांगतो. त्या मुलीने पुढे फोनवर कळवले. तिच्या आईने एका रात्री विचारले, "एवढं काय लिहितेस गं त्या वहीत?" मुलगी घाबरली, पण तिने वही उघडली आणि ती चाळीकडे जाण्याची संध्याकाळ, जर्मनवरून मराठी करीत, हळूहळू वाचून दाखवली. आई भाकऱ्या थापत ऐकत होती. मधे एकदाही बोलली नाही. संपल्यावर तव्यावरची भाकरी उतरवून म्हणाली, "पिठलं नव्हतं त्या दिवशी. वांग्याची भाजी केली होती. त्यांना आवडायची म्हणून."

आणि मग, इतक्या वर्षांनी, ती माउली त्या दिवसाविषयी बोलायला लागली ती मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिली. मुलीने दुसऱ्या दिवशी पिठले खोडून तेथे वांगे लिहिले. पण रात्री आईने जे सांगितले ते मात्र जर्मनमध्ये लिहायला तिचा हात वळेना. ते तिने दुसऱ्या वहीत लिहायला घेतले आहे, मराठीत.

ती जर्मन कादंबरी पुरी होईल का, छापली जाईल का, त्या देशातला एखादा माणूस कांद्याच्या चाळीविषयी वाचून क्षणभर थांबेल का, मला ठाऊक नाही. व्हावे अशी इच्छा आहे. परंतु मला माझ्यापुरते जे हवे होते ते मिळाले. मराठीची दुसरी वही उघडली गेली, आणि ती उघडायला जर्मनचे दार आधी उघडावे लागले.

आता पुन्हा आमच्या खोलीत कोणी व्याह्याच्या घोड्याची म्हण काढली, तर मी एवढेच म्हणणार आहे: घोडे धाडले असेल तर त्याला दाणापाणी द्या. त्यावर बसून पोर कोठवर जाते ते पाहू. आणि परत येताना काय घेऊन येते, तेही पाहू.